‘मान्य आहे’ म्हणण्याआधी

रोवणीच्या दिवसांत तिरोड्याच्या कोर्टात गर्दी नसते. पक्षकार बांधीतल्या चिखलात असतात आणि तारीख वाढवून घ्यायला आम्हा वकिलांनाच उभं राहावं लागतं. अशाच एका रिकाम्या दुपारी ती माझ्या टेबलाशी येऊन उभी राहिली. पायाला चिखल तसाच वाळलेला, डोक्यावर पदर, हातात खताच्या दुकानातली प्लॅस्टिकची पिशवी. पिशवीत दोन कागद.

‘मॅडम, तुमी फौजीच्या केसा घेता का?’

मी हसले. म्हटलं, ‘बाई, केस फौजीची असो की दुकानदाराची, कोर्ट तेच ना.’

किती चुकीचं उत्तर दिलं होतं मी! पण ते कळायला आधी तिचे दोन्ही कागद वाचावे लागले.

पहिला कागद तिरोडा कोर्टाचा समन्स. तिचा नवरा (तिचं नाव रेखा ठेवूया, खरं नाही) सैन्यात नाईक. नोकरीला तेरा वर्षं झालेली. आदल्या वर्षी रोवणीसाठी रजेवर आला. चुलत भावाशी धुऱ्यावरून वाद जुनाच. वरच्या बांधीतलं पाणी कोणी फोडलं, यावरून तोंडातोंडी झाली, मग धक्काबुक्की. चुलत भाऊ दगडावर पडला आणि मनगटाचं हाड मोडलं. पोलिसांनी भारतीय दंड संहितेचं कलम ३२५ लावलं, म्हणजे गंभीर दुखापत. शिक्षा सात वर्षांपर्यंत, पण गुन्हा जामीनपात्र, त्यामुळे जामीन पोलीस स्टेशनातच झाला. रजा संपली, फौजी निघून गेला. घरी कोणी त्याचा विषय काढला नाही. (आज, म्हणजे १ जुलै २०२४ नंतर असं भांडण झालं, तर भारतीय न्याय संहितेचं कलम ११७ लागतं. कलमाचा आकडा बदलला, मोडलेलं हाड तेच.)

दुसरा कागद इंग्रजीतला होता. नवऱ्याच्या युनिटचा. ‘तुमच्याविरुद्ध फौजदारी प्रकरण असल्याचं समजलं, त्याची सद्यस्थिती कळवा,’ एवढाच त्याचा अर्थ. पण रेखाला तो वाचता येत नव्हता. गावातल्या कोणीतरी ‘नोकरी गेल्याचा कागद’ म्हणून सांगितलेलं. दोन रात्री ती झोपली नव्हती.

‘नोकरी गेलेली नाही,’ मी म्हटलं, तेव्हा ती खालीच बसली. मग हळूच म्हणाली, ‘सारे म्हनते, गुन्हा कबूल करून टाका. साहेब दंड करन, भरून टाका, एका दिवसात मोकळे. मंग काहून लांबवाचं?’

मी गप्प झाले. कारण अगदी हाच सल्ला काही वर्षांपूर्वी मी स्वतः एका फौजीला दिला होता.

ते प्रकरण किरकोळ मारामारीचं होतं. लग्नाच्या वरातीत झालेलं. पोरगा रजेवर आला होता, रजेचे चार दिवस उरले होते. साक्षीपुरावा करायचा म्हटलं तर वर्ष-दोन वर्षं, प्रत्येक तारखेला सीमेवरून कोण येणार? त्याच्या बापाला मी म्हटलं, ‘मान्य करू द्या, दंडावर भागेल.’ त्यानं मान्य केलं, दंड भरला, पावती घेतली. बापानं मला पेढे आणून दिले. आठ-दहा महिन्यांनी तोच बाप पुन्हा आला. पेढे नव्हते. पोराला नोकरीतून काढलं होतं. अकरा वर्षं नोकरी, आणि जवानाला पेन्शनसाठी पंधरा लागतात.

त्या दिवशी मी आयुष्यात पहिल्यांदा आर्मी ॲक्ट उघडला. उघडायला फार उशीर झाला होता, हे लिहिताना आजही लाज वाटते. नागपूरच्या एका ज्येष्ठ वकिलांकडून पुस्तकं आणली आणि रात्री स्वयंपाक आटोपल्यावर वाचत बसले. त्यात जे सापडलं ते साधं होतं. साध्या माणसानं, दुकानदारानं, शेतकऱ्यानं गुन्हा कबूल करून दंड भरला, तर बहुतेक वेळा त्याच्यापुरतं ते प्रकरण तिथं संपतं. पण दंड झाला तरी ती दोषसिद्धीच. फौजीच्या बाबतीत त्या एका ओळीचा कागद युनिटमध्ये पोचतो आणि तिथून नवीन गोष्ट सुरू होते. एरवी जवानाला बडतर्फ करायचं तर आधी कारणे दाखवा नोटीस द्यावी लागते, त्याचं म्हणणं ऐकावं लागतं. मात्र फौजदारी कोर्टानं किंवा कोर्ट मार्शलनं दोषी ठरवलं असेल आणि त्याच वर्तनासाठी काढायचं असेल, तर आर्मी रूल्सच्या नियम १७ प्रमाणे ती नोटीसही देण्याची गरज नाही. प्रत्येकालाच काढतात असं नाही. गुन्हा काय, आधीचं रेकॉर्ड कसं, यावर असतं. पण दार आपणच उघडून दिलेलं असतं.

त्याच्या बायकोला मी कधी भेटलेच नव्हते. सल्ला मी दिला, होकार बापानं दिला, ‘मान्य आहे’ नवऱ्यानं म्हटलं. तिला कोणी विचारलं नाही. आणि आज घर तीच चालवते, तेंदूपत्त्याच्या हंगामात जंगलात जाऊन.

म्हणून रेखाला मी म्हटलं, ‘कबूल काहीच करायचं नाही. आधी नवऱ्याला फोन लाव.’

फोनवर तो फौजी म्हणाला, ‘पण मॅडम, मी ढकललं हे तर खरं आहे. खोटं कसं बोलू?’

मला तो फार आवडला त्या क्षणी. सरळ माणूस. आणि सरळ माणसंच इथं फसतात. ‘ढकललं’ आणि ‘गुन्हा केला’ ही दोन वेगळी वाक्यं आहेत. कशासाठी ढकललं, आधी कोणी हात उचलला, हाड मोडावं असा इरादा होता का, हे सगळं विचारल्याशिवाय गुन्हा ठरत नाही. कोर्टात ‘गुन्हा मान्य नाही’ म्हणणं म्हणजे खोटं बोलणं नव्हे. ‘सरकारनं सिद्ध करावं’ एवढंच त्याचं म्हणणं.

रेखाला हे पटवायला मला सिनेमाच उपयोगी पडला. तिनं टीव्हीवर अक्षयकुमारचा ‘रुस्तम’ पाहिला होता. ‘त्यात तं सुटते ना तो!’ ती म्हणाली. सिनेमात सुटतो. पण तो ज्यावरून घेतला ते खरं प्रकरण आपल्या मुंबईतलं, नौदलाच्या कमांडर नानावटींचं. २७ एप्रिल १९५९ ची गोष्ट. बायकोनं प्रेम आहुजाशी असलेले संबंध कबूल केले. नानावटींनी बायको-मुलांना सिनेमाला सोडलं, जहाजावर जाऊन रिव्हॉल्व्हर घेतलं, आहुजाच्या घरी गेले, आणि आहुजा गोळ्या लागून मेला. मग स्वतः पोलिसांकडे गेले आणि गोळी झाडल्याचं सांगितलं. आणि तरीही कोर्टात त्यांनी गुन्हा मान्य केला नाही. झटापटीत गोळी सुटली, असा त्यांचा बचाव होता.

या खटल्यात आणखी एक शिकण्यासारखं आहे. माणूस नौदलाचा, मग खटला नौदलानं का नाही चालवला? कारण मेला तो सामान्य नागरिक होता. लष्करातल्या माणसानं सामान्य नागरिकाचा खून, सदोष मनुष्यवध किंवा बलात्कार केला, तर खटला नेहमीच्या फौजदारी कोर्टातच चालतो. भारताबाहेर किंवा प्रत्यक्ष सक्रिय सेवेत असताना घडलं तर वेगळं. नौदलाच्या कायद्यात आहे तसंच आर्मी ॲक्टच्या कलम ७० मध्येही आहे. नानावटी खटल्याच्या काळात नौदलाच्या ताब्यात होते एवढंच. ज्युरीनं ८ विरुद्ध १ मतांनी त्यांना निर्दोष ठरवलं, सत्र न्यायाधीशांना ते पटलं नाही, त्यांनी प्रकरण हायकोर्टाकडे पाठवलं. तिथं १९६० मध्ये जन्मठेप झाली आणि १९६१ मध्ये सुप्रीम कोर्टानं ती कायम केली. बायकोनं सांगितल्यापासून गोळी झाडेपर्यंत जवळजवळ तीन तास गेले होते. राग शांत व्हायला तेवढा वेळ पुरे, असं कोर्टाचं म्हणणं. पुढं १९६४ मध्ये राज्यपाल विजयालक्ष्मी पंडितांनी माफी दिली. त्यांच्या मागे नामांकित वकील होते, वर्तमानपत्रं होती. आपल्या धुऱ्यावरच्या भांडणाला यातलं काय मिळणार! पण ‘मी केलं’ आणि ‘मी गुन्हेगार आहे’ यातला फरक मात्र गरिबालाही तेवढाच लागू असतो.

रेखाच्या नवऱ्याच्या प्रकरणात मग खरा प्रश्न आला. हा खटला कोण चालवणार, तिरोड्याचं कोर्ट की सैन्य? मारामारी, चोरी, अफरातफर अशा गुन्ह्यांत दोघांनाही अधिकार असतो. रजेवर होता म्हणून तो आर्मी ॲक्टच्या बाहेर जात नाही, हेही लक्षात ठेवा. रजेवरचा फौजी हाही फौजीच. कोर्ट मार्शल करायचं की फौजदारी कोर्टात चालू द्यायचं, हे ठरवण्याची पहिली संधी कमांडिंग ऑफिसरला मिळते. त्यासाठी १९७८ चे नियम आहेत. मॅजिस्ट्रेटनं कमांडिंग ऑफिसरला लेखी नोटीस पाठवायची आणि पंधरा दिवस थांबायचं. तोवर दोषारोप ठेवायचा नाही, निकाल द्यायचा नाही. लहान कोर्टांत ही नोटीस बरेचदा राहून जाते, कारण आरोपी फौजी आहे हे कागदावर ठळक आलेलंच नसतं. आमच्याही प्रकरणात राहून गेली होती. मी अर्ज दिला. नोटीस गेली. युनिटनं कळवलं, फौजदारी कोर्टानंच चालवावं.

मला ते बरं वाटलं. कोर्टातला उशीर, तारखा, सगळं मान्य आहे, पण तिथं मी उभी राहून बोलू शकते, साक्षीदाराची उलटतपासणी घेऊ शकते. आणि निकाल लागला, दोषी असो की निर्दोष, की त्याच गुन्ह्यासाठी पुन्हा कोर्ट मार्शल होऊ शकत नाही.

एक अडचण होती, त्याच्या हजेरीची. त्यावरही कायद्यात उपाय आहे, फारसा कोणी वापरत नाही. आर्मी ॲक्टचं कलम ३२. कोर्टाच्या कामासाठी रजा मिळाली आहे किंवा मागितली आहे, असा सक्षम अधिकाऱ्याचा दाखला कोर्टात दिला, तर शक्यतो त्या रजेच्या काळातच सुनावणी घ्यावी, असं त्यात सांगितलं आहे. मधल्या तारखांना हजेरी माफीचा अर्ज देता येतो. म्हणजे ‘चार दिवसांची रजा आहे म्हणून कबूल करून टाक’ हे कारणच उरत नाही. मला तेव्हा हे कलम माहीत असतं तर, असं अजूनही मनात येतं.

रेखाच्या प्रकरणाची बातमी गावोगाव पसरली आणि माझं नाव ‘फौजीची वकीलबाई’ पडलं. मग बाया यायला लागल्या. त्यातल्या निम्म्यांचे नवरे किंवा मुलं सीआरपीएफमध्ये असतात. गोंदिया-गडचिरोलीकडे सीआरपीएफ दिसते, पोरंही तिकडे भरती होतात, घरचे त्यालाही मिलिटरीच म्हणतात. पण सीआरपीएफचा कायदा वेगळा, १९४९ चा. बीएसएफचा वेगळा, १९६८ चा. सैन्याचं लवाद न्यायाधिकरण यांच्यासाठी नाही, ते फक्त भूदल, नौदल आणि हवाई दलासाठी. त्यामुळे आता मी पहिला प्रश्न हाच विचारते, ‘ओळखपत्रावर काय लिहिलं आहे?’ एका मावशीनं तर तीन तारखांनंतर सांगितलं की मुलगा एसआरपीत आहे. म्हणजे राज्याचा पोलीस! कपाळावर हात मारून घ्यायची वेळ आली होती.

आणि मग ती आई आली, ज्यांच्यामुळे हा लेख लिहायला बसले. गोरेगावकडच्या. मुलगा सैन्यात शिपाई. वरिष्ठाशी उद्धट वागल्याचा आणि हुकूम न पाळल्याचा आरोप. तिथं, युनिटमध्येच, समरी कोर्ट मार्शल झालं. ‘मान्य कर, थोडक्यात सुटशील,’ असं त्याला कोणीतरी सांगितलं. त्यानं मान्य केलं. बडतर्फ होऊन घरी आला. आईला सांगितलं, ‘नोकरी सोडली.’ खरा कागद तिला पेटीत सापडला, सात महिन्यांनी.

समरी कोर्ट मार्शल म्हणजे काय, हे फौजीच्या घरातल्या बाईनं एकदा नीट समजून घ्यावं असं मला वाटतं. कोर्ट मार्शल चार प्रकारचं असतं. जनरल आणि डिस्ट्रिक्टमध्ये अनेक अधिकारी बसतात, वकील बोलू शकतो. समरीमध्ये न्यायाधीश एकटा, तो म्हणजे त्याच युनिटचा कमांडिंग ऑफिसर. आणखी दोघं बसतात, पण त्यांना मत नसतं. आपल्या बाजूनं एक ‘आरोपीचा मित्र’ शेजारी बसू शकतो, तो वकील असला तरी चालतो. मात्र तो फक्त कानात सांगू शकतो. साक्षीदाराला प्रश्न विचारू शकत नाही, कोर्टापुढे बोलू शकत नाही. म्हणजे बोलायचं ते त्या विशीतल्या पोरानंच, रोज ज्याला सॅल्यूट ठोकतो त्याच साहेबासमोर! एक वर्षापर्यंत कैद आणि बडतर्फी, एवढी शिक्षा तिथं होऊ शकते, आणि साधारणपणे ती लगेच अमलात येते, वरून मंजुरी लागत नाही.

सैन्याला शिस्त लागते, हे मलाही मान्य आहे. सीमेवर तीन-तीन वर्षं खटला चालवत बसता येणार नाही. पण सुप्रीम कोर्टानंच २०१६ मध्ये सांगितलं आहे की समरी कोर्ट मार्शल हा अपवाद असावा, तातडीची गरज असेल तेव्हाच वापरावा.

शिवाय जवानाला काही हक्क आहेत, कागदावर आहेत. आरोपाची प्रत हातात पडल्यापासून खटला उभा राहीपर्यंत किमान ९६ तास मिळाले पाहिजेत. सक्रिय सेवेत असेल तर २४. त्यानं ‘मान्य’ म्हटलं तरी आरोप काय, मान्य केल्याचा परिणाम काय, हे त्याला कळलं आहे ना, याची खात्री करणं त्या कोर्टाचं काम आहे. पुराव्यावरून त्यानं मान्य करायला नको असं दिसलं, तर ‘कबुली मागे घे’ असा सल्लाही कोर्टानंच द्यायचा, असं नियम ११५ सांगतो. आणि झालेल्या कामकाजाची प्रत मागण्याचा त्याला हक्क आहे.

रणजित ठाकूर या जवानाचं प्रकरण मी त्या आईला सांगितलं. अधिकाऱ्यांनी वाईट वागवलं अशी तक्रार त्यानं थेट वर पाठवली, म्हणून त्याला २८ दिवसांची कैद झाली. कैदेत असताना २९ मे १९८५ रोजी जेवण घ्यायचा हुकूम पाळला नाही, हा नवा गुन्हा. समरी कोर्ट मार्शल, एक वर्ष सक्तमजुरी आणि बडतर्फी. जेवला नाही म्हणून! शिवाय ज्या अधिकाऱ्याविरुद्ध तक्रार होती तोच न्यायासनावर, आणि ‘या अधिकाऱ्यापुढे चालवायला तुझी हरकत आहे का,’ हे कायद्यानं विचारायला हवं ते विचारलंच नव्हतं. सुप्रीम कोर्टानं १९८७ मध्ये हे सगळं रद्द केलं. निकालात कोर्ट म्हणालं, शिक्षा गुन्ह्याच्या मानाची हवी. पुढं १९९१ मध्ये सरदार सिंग नावाच्या नाईकाचं प्रकरण आलं. रजेवर जाताना मुभेपेक्षा जास्त रमच्या बाटल्या नेल्या म्हणून तीन महिने सक्तमजुरी आणि बडतर्फी. तिथंही कोर्टानं शिक्षा जास्त झाली असंच म्हटलं.

‘मंग माह्या पोराचंही होईन का?’ आईनं विचारलं. होईल असं मी म्हटलं नाही. वाट आहे, एवढंच म्हटलं. पूर्वी तीही नव्हती. कोर्ट मार्शलविरुद्ध साधं एक अपीलही नाही, याबद्दल सुप्रीम कोर्टानं १९८२ मध्ये खंत व्यक्त केली होती. त्यानंतर पंचवीस वर्षांनी, २००७ मध्ये, सशस्त्र दल न्यायाधिकरणाचा कायदा झाला आणि २००९ मध्ये न्यायाधिकरण सुरू झालं. आपल्यासाठी त्याचं पीठ मुंबईत आहे. मुदत सहा महिन्यांची. उशिराचं योग्य कारण दिलं तर माफी मिळू शकते. आणि न्यायाधिकरणाच्या निकालाविरुद्ध हायकोर्टात दाद मागता येते, हे सुप्रीम कोर्टानं २०२३ मध्ये पुन्हा स्पष्ट केलं. म्हणजे आपल्याला नागपूरही आहे.

विदर्भ एक्स्प्रेसनं आम्ही तिघं मुंबईला गेलो, ती आई, तो मुलगा आणि मी. रात्रभर त्या माउलीनं डोळा मिटला नाही. पहाटे इगतपुरीच्या आसपास मुलगा पहिल्यांदा नीट बोलला. म्हणाला, ‘मॅडम, त्यायनं विचारलं, मान्य आहे? मी म्हनलं, जी सर. आमी सगळ्यालेच जी सर म्हनतो.’

या वाक्यानंतर मी बराच वेळ खिडकीबाहेर बघत होते. भरती झाल्यापासून त्या पोराला एकच गोष्ट शिकवली होती, आणि त्याच गोष्टीनं तो फसला होता. सात महिने आईपासून का लपवलं, हे मी विचारलं नाही. विचारायची गरजच उरली नव्हती. उशीर माफ झाला आहे, प्रकरण चालू आहे. निकाल काय लागेल सांगता येत नाही.

मैत्रिणींनो, तुमच्या घरात कोणी फौजेत असेल तर त्याच्याशी एकदा या विषयावर बोलून ठेवा. सणाला आला की घराच्या, पोराच्या, धानाच्या भावाच्या गोष्टी होतात. ही होत नाही, अपशकुन वाटतो. पण बोला. गावात पोलिसांत काही नोंद झाली तर युनिटपासून लपवू नका, कारण युनिटला कळतंच, आणि लपवल्याचा राग वेगळा. इंग्रजी कागद आला तर गावातल्या हुशार माणसाकडून वाचून घेऊ नका, सरळ वकिलाकडे या. पैसे नसतील तरी या. स्त्रीला मोफत विधी सेवा मिळते, उत्पन्न कितीही असो. तालुका विधी सेवा समिती कोर्टातच असते, कोणाला विचारायलाही लाजू नका. २६ जुलै २०२५ पासून राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणानं फौजींच्या कुटुंबांसाठी ‘वीर परिवार सहायता योजना’ही सुरू केली आहे, त्यात सैनिक कल्याण कार्यालयांमधून कायद्याची मदत मिळावी अशी कल्पना आहे. आणि मुलाचा, नवऱ्याचा फोन आला, ‘इकडे थोडी गडबड झाली आहे, पण काही नाही,’ तर ‘काही नाही’वर विश्वास ठेवू नका. आरोपाचा कागद मिळाला का, कधी मिळाला, सही कशावर केली, एवढं विचारा.

आता रेखाचं सांगायचं राहिलं.

तिचा खटला मी लढवणारच होते, साक्षीदारांची यादीही काढली होती. पण कलम ३२५ मध्ये जखमी माणूस कोर्टाच्या परवानगीनं तडजोड करू शकतो, आणि तडजोड झाली की कायद्यानं त्याचा परिणाम निर्दोष सुटण्याचाच असतो. दंडावर सुटण्यात आणि तडजोडीवर सुटण्यात फौजीसाठी जमीन-अस्मानाचं अंतर, ते हे. (नव्या कायद्यातही ही सोय आहे.) रेखाला मी समजावलं. ती म्हणाली, ‘भावाभावाचं जमनार नाई मॅडम. दोघंही अडेल.’

मग तीच गेली. दुपारी, पुरुष घरी नसताना, जावेकडे. काय बोलणं झालं ते दोघींनी मला कधी पूर्ण सांगितलं नाही. एवढं कळलं की पहिल्या दिवशी जावेनं पाणीही विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी मनगटाच्या ऑपरेशनचा खर्च निघाला. तिसऱ्या खेपेला बांधीचं पाणी निघालं. भांडणाचं मूळ खरं तर तेच. वरच्या बांधीतून खालच्या बांधीत पाणी कधी सोडायचं आणि कोणी सोडायचं. ते या दोघींनी ठरवलं. रोवणीला रोज त्याच तर चिखलात उभ्या राहतात. ऑपरेशनचा खर्च फौजीनं द्यायचा, दोन हप्त्यांत. धुरा मोजून घ्यायचा, मोजणीची फी दोघांनी अर्धी-अर्धी भरायची.

रजा मंजूर झाल्याचा दाखला आम्ही कलम ३२ खाली कोर्टात दिला. त्या रजेतच तारीख मिळाली. साहेबांनी चुलत भावाला दोनदा विचारलं, कोणाच्या दबावाखाली तर नाही ना? तो म्हणाला, ‘दबाव बायकोचा हाये साहेब.’ कोर्ट हसलं. परवानगी मिळाली.

हुकमाची नक्कल मिळाल्यावर रेखा माझ्या टेबलाशी आली. एक प्रत युनिटला पाठवायची होती, एक तिच्यासाठी. पोस्टात जायला निघाली, मग दारातून परत फिरली.

‘मॅडम, अजून एक झेरॉक्स लागन. जाऊ म्हने, माह्याही पेटीत राहू दे.’